काटकसरीची रुजुवात

आपल्याकडे घरोघरी काटकसरीच्या युक्तींचे एक अलिखित दप्तर असते. त्यातील काही कलमे आजीकडून वारशाने आलेली असतात, काही शेजारणीने सांगितलेली, काही मासिकाच्या शेवटच्या पानावरून किंवा दिनदर्शिकेच्या पाठीमागून उतरवून घेतलेली, आणि अलीकडे तर दर सकाळी कोणी ना कोणी मोबाईलवर धाडलेली असतात. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवावी, टूथपेस्टची नळी कापून आतला शेवटचा अंश काढावा, तूरडाळीला एरंडेल चोळावे, चार्जर भिंतीतून उपसून ठेवावा, रात्री फ्रीज बंद करावा, अशी ही यादी लांबवावी तितकी लांबते; आणि तिच्यातील प्रत्येक कलमाला, मग ते खरे असो वा खोटे, मोठे असो वा क्षुल्लक, सारखीच प्रतिष्ठा लाभलेली असते, कारण जो वाचवतो त्याची चूक होऊच शकत नाही अशी आपली भाबडी समजूत आहे. सरकारी खर्चाची छाननी करण्यास महालेखापाल असतो, सहकारी संस्थेच्या वह्या पाहण्यास दरसाल लेखापरीक्षक येतो. परंतु घरातल्या एखाद्या युक्तीची रुजुवात कोणी घातली, ती अमुक वर्षे चालली तेव्हा तिने नेमके काय वाचवले याचा कोणी दाखला मागितला, असे सहसा ऐकिवात येत नाही. ही रुजुवात घालणे अवश्य आहे असे मला वाटते. आणि ती घातली म्हणजे पुष्कळशा युक्तींना फक्त जमेची बाजू असते, त्यांचा खर्च मात्र भलत्याच कोणाच्या तरी खात्यावर पडलेला असतो, असे आढळून येते.

प्रथम ज्या युक्ती खणखणीत आहेत त्यांचा मान त्यांना देणे न्याय्य होईल. पातेल्यावर झाकण ठेवावे आणि उकळी फुटताच आच मंद करावी, हा उपदेश इतका जुना आहे की तो कानांवर पडूनही आत शिरत नाही. पण त्यामागील गणित एकदा मांडून पाहावे. साध्या तापमानाचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि बऱ्यापैकी शेगडीवर त्यासाठी दहा ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. परंतु तेच लिटरभर पाणी उकळत ठेवून त्याची संपूर्ण वाफ करावयाची म्हटले, तर आणखी ५४० किलोकॅलरी, म्हणजे सत्तर ग्रॅमांहून अधिक गॅस खर्ची पडतो. उकळते पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही. तेव्हा भडकलेल्या ज्योतीने अन्न लवकर शिजते असे ज्याला वाटते, तो अन्न शिजवीत नसून स्वयंपाकघराच्या छताला वाफ देत असतो. ज्या घरात रोज अर्धा लिटर पाणी असे निष्कारण वाफ होऊन जाते, त्या घरात वर्षाकाठी तेरा किलोंहून जास्त गॅस, म्हणजे १४.२ किलोंचे जवळजवळ एक आख्खे सिलिंडर, नुसते हवेत जाते. एका झाकणाची ही किंमत आहे.

उष्णतेच्या या व्यवहारावर बुद्धिमान माणसांनी फार पूर्वीपासून लक्ष ठेवलेले आहे. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली जो इकमिक कुकर बनवला, त्यात एकावर एक रचलेल्या डब्यांतून थोड्याशा कोळशावर आणि कोंडलेल्या वाफेवर सबंध जेवण शिजत असे. पुढे १९५९ च्या सुमारास आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले, ज्यांत दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदूच १२० अंशांपर्यंत चढतो आणि तासाभराची डाळ पाव तासात मऊ होते. आणि पुण्याच्या आरती संस्थेने सराई कुकर पुढे आणला, तो शंभर-एक ग्रॅम कांडीकोळशावर एका कुटुंबाचा वरण-भात उरकतो. या तिन्ही उपकरणांच्या मुळाशी वाफेला बाहेर जाऊ न देण्याचेच तत्त्व आहे. डाळ-कडधान्य आधी भिजत घालण्याची रीतही याच जातीची होय; दाण्याच्या गाभ्यात पाणी शिरण्यास वेळ लागतोच, मग तो वेळ शेगडीवर का काढावा, असा तिचा सरळ युक्तिवाद आहे.

धान्याच्या बेगमीविषयीच्या जुन्या रीतीही बऱ्याच अंशी अशाच भक्कम पायावर उभ्या आहेत. चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू आणि डाळी घ्यावयाच्या, गच्चीवर किंवा अंगणात चटया पसरून त्यांना कडक ऊन द्यावयाचे, निवू द्यावयाच्या आणि मग पत्र्याच्या डब्यांत भरावयाच्या, या क्रमातील एकही पायरी अनाठायी नाही. उन्हाने दाण्यातील ओलावा उतरतो व आत लपलेली कीड मरते; आणि गरम धान्य तसेच कोंडले तर झाकणाखाली घाम धरून बुरशी येते, म्हणून निववणे. तूरडाळीला एरंडेल चोळणारी बाई तळहातावर चार थेंब घेते, डाळीचा ढीग दोन्ही हातांनी वरखाली करते, आणि प्रत्येक दाण्यावर तेलाचा पुसटसा तकाकणारा थर चढेपर्यंत थांबत नाही. कडधान्यातला भुंगा आपली अंडी दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवतो. गुळगुळीत तेलावर ती नीट चिकटत नाहीत, आणि चिकटली तरी त्यांना हवा मिळत नाही. तिने कीटकशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते, परंतु तिच्या हातांना जे ठाऊक असते ते शास्त्राला मान्य आहे. चिंचेने तांब्याचा हंडा उजळतो, कारण चिंचेतील आम्ल ताम्राचा काळा थर विरघळवते. चुलीच्या राखेने तुपकट भांडे निघते, कारण राखेतील क्षार स्निग्धाचा साबण करतात. हे सर्व खरे.

मात्र हीच चिंच आणि हीच राख एकत्र कालवली तर काय होईल? आम्ल आणि क्षार परस्परांना मारतील आणि हाती मीठवजा पाणी राहील. हल्ली ज्या युक्तीचा फार बोलबाला आहे, ती म्हणजे तुंबलेल्या मोरीत खाण्याचा सोडा टाकून वर व्हिनेगर ओतण्याची, ती याच मासल्याची आहे. फेस पुष्कळ येतो, पाहणाऱ्याचे समाधान होते. परंतु तो फेस म्हणजे कर्बवायू निघून जात असल्याची खूण आहे, आणि नळीत जे उरते त्यात ना आम्लाचा जोर असतो ना क्षाराचा. नुसत्या सोड्याने तेलकटपणा थोडाफार कमी होतो, नुसत्या व्हिनेगरने क्षाराचे पांढरे डाग जातात. दोघांना एकत्र आणून आपण दोघांचीही किंमत फुकट घालवतो. डोळ्यांना जे घडताना दिसते तेच काम, असा समज काटकसरीच्या क्षेत्रात जितका फैलावलेला आहे तितका क्वचितच दुसरीकडे असेल.

शिवाय खरी युक्तीदेखील सर्वत्र सारखी खरी नसते. नागपुरात वैशाखाच्या झळांत वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी सोडणारा कूलर खोली सुखावह करतो, कारण कोरडी हवा पाणी झपाट्याने शोषते आणि त्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता खोलीतूनच घेतली जाते. तोच कूलर मुंबईत आषाढात लावला तर हवेत आधीच बाष्प ठासून भरलेले असल्यामुळे गारवा येत नाही, फक्त गाद्या ओलसर होतात. विदर्भातील नातेवाइकाने दिलेला सल्ला कोकणातल्या घरात निष्फळ ठरला, तर दोष सल्ल्याचाही नाही आणि घराचाही नाही. युक्तीला जिल्हा असतो, हे ध्यानी न घेण्याचा तो दोष आहे.

आता ज्या युक्ती खऱ्या आहेत, पण ज्यांची जमा नगण्य आहे, त्यांच्याकडे वळू. मोबाईलचा चार्जर काम नसताना भिंतीत राहिला तर तो पाव वॉटच्या आतबाहेर वीज खातो असे धरले, तर वर्षभरात ती सव्वादोन युनिटे होतात. पंधरा लिटरांचा गीझर एकदा पूर्ण तापवण्यास सुमारे सहा दशांश युनिट लागते. म्हणजे घरातल्या माणसाने वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस न चुकता चार्जर उपसला, मुलांनाही त्याची शिस्त लावली, विसरणाऱ्याला बोल लावले, तर वर्षाअखेरी चार वेळा पाणी तापवण्याइतकीही वीज शिल्लक पडत नाही. याच्या उलट, साठ वॉटचा जुना दिवा काढून तेवढाच प्रकाश देणारा नऊ वॉटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला ९३ युनिटे वाचतात. आणि पंच्याहत्तर वॉटचा जुना पंखा काढून तीस वॉटचा नवा बसवला व तो रोज बारा तास फिरला, तर वाचणारी युनिटे दोनशेच्या घरात जातात. चार्जरची काटकसर रोज करावी लागते आणि तिचे पुण्य रोज पदरी पडल्यासारखे वाटते. दिवा आणि पंखा एकदाच बदलावा लागतो, म्हणून त्याला कोणी काटकसर म्हणतदेखील नाही. मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही.

फ्रीज रात्री बंद ठेवण्याची युक्तीही याच वर्गात बसते, किंबहुना तिची अवस्था अधिक शोचनीय आहे. बंद फ्रीज आतून तापतो आणि सकाळी ती साठलेली उष्णता यंत्राला पुन्हा बाहेर काढावीच लागते. त्यामुळे जी काही बचत होते ती अत्यल्प, आणि तिच्यासाठी दूध, शिजवलेले वरण व भिजवलेली कणीक ही सगळी रात्रभर जंतूंच्या स्वाधीन केलेली असतात. एक लिटर दूध फाटले तर महिन्याची बचत एका सकाळी वाहून जाते.

येथे कोणी थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण माझ्या अंगावर फेकील. मी ती सादर शिरोधार्य मानतो आणि तिचाही हिशेब करतो. दर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब सोडतो. थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर हे पाणी साडेएकवीस लिटर, म्हणजे एका माणसाच्या बादलीभर अंघोळीइतके भरते. तेव्हा गळका नळ दुरुस्त करणे ही खरी काटकसर आहे, यात संशय नाही. परंतु थेंबांचे तळे होते ते थेंब अखंड पडतात म्हणून; त्यांच्या मागे दिवसाचे शहाऐंशी हजार सेकंद उभे असतात. वर्षातून एकदा वाचवलेली टूथपेस्ट किंवा महिन्यातून एकदा चिकटवलेली साबणाची चिपटी यांच्या मागे असे कोणतेही बळ नाही. कोणता थेंब तळे भरील आणि कोणता उन्हात वाळून जाईल हे म्हण सांगत नाही. ते गुणाकाराने ठरवावे लागते.

येथवर जमेच्या बाजूचा विचार झाला. खर्चाच्या बाजूची कैफियत याहून गंभीर आहे. पुष्कळ युक्तींत खर्च नाहीसा होत नाही, त्याची फक्त खातेबदली होते. घरी साय साठवून काढलेले तूप फुकट पडते असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. पण ते तूप दुधातूनच आले, आणि म्हशीच्या दुधाचे पैसे मोजून घरच्यांनी महिनाभर साय काढलेले दूध प्यायले, हे त्या अभिमानाच्या वहीत नमूद होत नाही. घरच्या तुपाला चव असते, त्यात भेसळ नसते, म्हणून ते अवश्य करावे. ते फुकट असते म्हणून करू नये. किलोमागे पाच रुपये स्वस्त भाजी मिळते म्हणून पाच किलोमीटरवरच्या बाजारापर्यंत स्कूटरने जाऊन येणाऱ्या गृहस्थाचे वीस-बावीस रुपयांचे पेट्रोल जळते, आणि पिशवीत चार किलो भाजी असते. वाचलेले वीस रुपये त्याने पेट्रोलपंपाच्या खात्यावर आधीच जमा केलेले असतात.

ही खातेबदली शरीराच्या नावावर झाली म्हणजे प्रकरण हसण्यावारी नेता येत नाही. डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा टाकला की गॅस वाचतो हे खरे, परंतु त्या क्षाराने डाळीतले ब जीवनसत्त्व, विशेषतः थायमिन, नष्ट होते. तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवून वापरण्याची काटकसर इतकी सार्वत्रिक झाली, की देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला १ जुलै २०१८ पासून नियम लागू करावा लागला, आणि तापवून तापवून ज्या तेलातील ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांच्या वर गेले आहेत ते वापरण्यास मनाई करावी लागली. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची आणि धान्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवण्याची जी चाल काही घरांत आहे तिने कीड लागत नाही, हे मी नाकारत नाही. जे विष किड्याला मारते ते आपल्याला ओळखून सोडून देईल, या विश्वासाला मात्र आधार नाही. एरंडेल आणि पारा हे दोघेही डाळीच्या एकाच डब्यात राखणदार म्हणून नेमले जातात, आणि दोघांनाही घरगुती उपाय याच एका सनदेवर प्रवेश मिळतो. ही सनद तपासून न घेणे हा गुन्हाच म्हटला पाहिजे.

परंतु सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी नोंदली जाणारी रक्कम आहे ती श्रमाची. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या पाहणीत असे दिसले, की घरातील बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रीची दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात आणि त्याच कामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. काटकसरीच्या युक्तींची यादी हाती घेऊन प्रत्येकीसमोर ती कोण करतो हे लिहावे: साय कोण विरजते, चिपट्या कोण जमवते, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर कोण वाळत घालते, डाळीला तेल कोण चोळते. बहुतेक ओळींपुढे एकच नाव येईल. आणि तेच नाव ज्यांच्यापुढे येते त्या २९९ मिनिटांना बाजारभाव नसल्यामुळेच या युक्ती फुकट वाटतात. घरातल्या कर्त्या पुरुषाने काटकसरीचे फर्मान काढावे आणि त्याची अंमलबजावणी घरातील बायकांनी करावी, ही वहिवाट आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की ज्याला आपण कुटुंबाचा काटकसरी स्वभाव म्हणतो तो पुष्कळदा एका व्यक्तीच्या विश्रांतीवर बसवलेला कर असतो.

या युक्ती जन्मल्या त्या काळाला मात्र दोष देता येणार नाही. मुंबईत १९४३ साली धान्याचे रेशनिंग सुरू झाले, कापडावरही नियंत्रण आले, आणि वस्तू पैसे मोजूनही मिळेना, त्या दिवसांत शर्टाची विरलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवणे हे शहाणपणाचे होते. बाहेरची बाजू झिजते, आतली कोरी राहते, आणि शिंप्याच्या अर्ध्या तासात शर्टाला आणखी दोन वर्षांचे आयुष्य लाभते. त्याच वर्षी इंग्लंडच्या व्यापारमंडळाने जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याची पुस्तिका आपल्या नागरिकांसाठी छापली होती. जेव्हा माल महाग आणि माणसाचा वेळ स्वस्त असतो तेव्हा वेळ खर्चून माल वाचवावा, हा अर्थशास्त्राचाच न्याय आहे. आता परिस्थिती कित्येक घरांत नेमकी उलटली आहे. सून नोकरी करून आठ वाजता घरी परतते, शर्ट पूर्वीच्या मानाने स्वस्त झाला आहे, आणि तरीही युक्तींचे दप्तर त्याच जुन्या दराने चालवले जाते. भाव बदलले म्हणजे युक्ती आपोआप रद्द होत नाही. ती संस्कार नावाची वस्त्रे पांघरून घरातच मुक्काम करते.

या युक्तींचे मोल पैशात नसून त्यांनी लागणाऱ्या शिस्तीत आहे, चार्जर उपसणारा मुलगा पुढे मोठ्या गोष्टीतही जपून वागेल, असा एक आक्षेप यावर घेतला जाईल, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. वस्तूंविषयी आदर, उधळपट्टीची किळस आणि अन्न न टाकण्याची लाज हे गुण छोट्या कृतींतूनच अंगी मुरतात, हे मला मान्य आहे. परंतु अनुभव असाही आहे, की छोट्या त्यागाने मिळालेले समाधान मोठ्या खर्चाची परवानगी म्हणून वापरले जाते. दिवसभर दिवे बंद करीत फिरणारा गृहस्थ वातानुकूलन यंत्र अठरा अंशांवर ठेवून सुखाने निजतो, आणि ते चोवीसवर ठेवले असते तर काय वाचले असते हा विचार त्याला शिवत नाही, कारण आपण काटकसरी आहोत याचा दाखला त्याने दिवसभरात मिळवलेला असतो. शिस्त लावावयाचीच असेल तर मुलाला चार्जरबरोबर विजेचे बिलही हाती द्यावे, आणि त्यातील युनिटे कोणत्या उपकरणाने खाल्ली हे त्यालाच शोधू द्यावे. मोजण्याची शिस्त ही वाचवण्याच्या शिस्तीहून अधिक टिकाऊ असते.

आणि काटकसरीची सर्वांत कडवट गोष्ट अशी, की ज्याला तिची गरज अधिक त्याला ती अधिक दुर्लभ आहे. वर्षाचे धान्य हंगामात भरण्यास एकरकमी पैसा लागतो, डबे ठेवण्यास जागा लागते, उन्हे देण्यास गच्ची लागते. रोजंदारीवर जगणारा माणूस तेच धान्य वाण्याकडून दररोज पावशेराने, चढ्या दराने घेतो, आणि वर त्यालाच बचतीचे धडे ऐकवले जातात. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी दिवे स्वस्त दराने, आणि काही ठिकाणी वीजबिलातील हप्त्यांनी, देण्यात आले, तेव्हा दिव्याचे शास्त्र काही नवे झाले नव्हते. आरंभीच्या रकमेची अडचण तेवढी दूर झाली होती. १९४८ साली नायगावला निघालेले अपना बाजार, किंवा १९७५ पासून कुटुंबांचे संघ बांधून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करणारी मुंबई ग्राहक पंचायत, यांनी हाच धडा दुसऱ्या रीतीने घालून दिला. एकट्या घराने शंभर युक्ती लढवून जे साधत नाही, ते दहा घरांनी एक मागणी एकत्र नोंदवून साधते; पण सहकार ही काटकसरीची युक्ती म्हणून कोणत्याही दिनदर्शिकेच्या पाठीमागे छापली जात नाही, कारण ती एकटीने, गुपचूप, स्वयंपाकघराच्या चार भिंतींत करता येत नाही.

म्हणून मी काटकसरीच्या विरुद्ध फिर्याद मांडत नाही; मी तिची मुदत तपासा एवढेच म्हणतो. झाकण, मंद आच, भिजवलेले कडधान्य, उन्हात वाळवलेली डाळ, दुरुस्त नळ, चांगला दिवा आणि एकत्रित खरेदी ही कलमे आजही वसूल देणारी आहेत. बाकीच्यांपैकी ज्या कोणाला आवडतात त्याने त्या छंद म्हणून खुशाल कराव्यात, पण त्यांच्या नावाने दुसऱ्यावर तगादा लावू नये. आणि एक नियम घरोघरी अमलात आणावा: जो युक्ती सुचवील त्यानेच ती महिनाभर स्वहस्ते करून दाखवावी, साय त्यानेच विरजावी, पिशव्या त्यानेच धुवाव्यात, आणि महिनाअखेर किती रुपये वाचले ते त्यानेच वहीत लिहावे. या एका अटीने निम्म्याअधिक युक्ती पहिल्या आठवड्यातच रद्दबातल होतील. आणि ज्या उरतील त्यांच्याविषयी घरात कोणाला उपदेश करण्याची गरज पडणार नाही.